पालक तपासला, पाय राहिले

घाटकोपर सुटले की विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप करत लोकल मुलुंडकडे निघते आणि रूळ व वस्तीची भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अधूनमधून हिरवे वाफे दिसतात. पालक, लाल माठ, मुळा, भेंडी, ओल्या कडेला अळू. दोन्ही हातांत झाऱ्या घेतलेला एक माणूस वाफ्यांमधल्या वीतभर वाटेने चालत असतो. लुंगी गुडघ्यावर खोचलेली, पाय अनवाणी. पाणी शेजारच्या नाल्याचे. नाला थोडा अडवून केलेल्या खड्ड्यात उतरायचे, झाऱ्या बुडवायच्या, वर चढायचे, वाफा भिजवायचा, पुन्हा उतरायचे, असे सकाळभर चालते. ‘अधिक धान्य पिकवा’ या जुन्या मोहिमेचे नाव घेऊन रेल्वेने या पट्ट्या आपल्या कर्मचाऱ्यांना लावायला दिल्या. त्यामागे धान्याची चिंता होती त्याहून अधिक अतिक्रमणाची होती. मोकळ्या जागेवर झोपडी उभी राहण्यापेक्षा माठ उगवलेला बरा, हा साधा हिशेब. पट्टी कर्मचाऱ्याच्या नावावर आणि राबणारा बहुधा उत्तरेकडून आलेला मजूर, हेही आता सर्वांच्या सवयीचे झाले आहे.

या शेतीबद्दल मुंबईने गेल्या काही दशकांत जे काही विचारले ते सारे एका प्रश्नात मावते: ही भाजी खावी का? शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोधण्यासाठी पालेभाजीचे नमुने प्रयोगशाळेत गेले, बातम्या छापून आल्या, गृहिणींना भाजी मिठाच्या पाण्यात धुण्याचे सल्ले मिळाले (धातू मिठाने निघत नाहीत, ही गोष्ट वेगळी). प्रश्न रास्तच आहे. पण तो खाणाऱ्याचा प्रश्न आहे. जी पेंडी आपण आठवड्यातून एकदा शिजवतो, तिच्यासाठी रोज त्या खड्ड्यात उतरणाऱ्या माणसाच्या पायांवर काय आहे, पोटात काय आहे, छातीत काय आहे, हे फारसे कुणी विचारलेले दिसत नाही. पालक तपासला गेला, पाय राहिले.

असे पाय राहून जाण्याला अज्ञान हे कारण देता येणार नाही. सांडपाण्यावरच्या शेतीबाबत जागतिक आरोग्य संघटनेची २००६ची मार्गदर्शक तत्त्वे तीन गट वेगळे करून मांडतात: शेतात राबणारे, भाजी खाणारे आणि शेजारी राहणारे. पाण्यात जंतांची अंडी लिटरमागे एकापेक्षा जास्त नसावीत ही मर्यादा ठरवताना राबणाऱ्यांचा विचार आधीपासून केलेला आहे. भारतातल्या सांडपाण्यावरच्या शेतांतील मजुरांमध्ये अंकुशकृमी, म्हणजे अनवाणी पायाच्या कातडीतून शिरणारा हुकवर्म, इतर शेतकऱ्यांपेक्षा अधिक आढळतो, हे १९७०च्या दशकातच नोंदले गेले. लेप्टोस्पायरोसिसचेही तसेच. जगाच्या वैद्यकात हा भातशेतीतल्या आणि उसाच्या फडातल्या मजुरांचा रोग म्हणून जुना आहे. मुंबईत तो सर्वांच्या तोंडी आला २६ जुलै २००५च्या पुरानंतर. तेव्हापासून दर पावसाळ्यात महापालिका सांगते की तुंबलेल्या पाण्यातून चालला असाल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जा, डॉक्सिसायक्लिन घ्या. सल्ला उत्तम आहे. तो वर्षातून एकदा अंधेरीच्या सबवेपाशी पँट दुमडून पाण्यातून गेलेल्या माणसासाठी आहे. जो वर्षाचे बारा महिने त्याच जातीच्या पाण्यात उभा असतो, त्याने तीन दिवस कुठून मोजायचे?

माझे म्हणणे असे की आरोग्यातली विषमता मोजायची झाली तर प्रश्न कुणी विचारला हे आधी पाहावे लागते. रोग निसर्गात असतो, पण त्याची नोंद प्रश्नामुळे होते, आणि प्रश्न नेहमी कुणाच्या तरी जागेवरून विचारला जातो. म्हणून शेतमजुरांच्या आरोग्याचे संशोधन शेतमजुरांना सोबत घेऊनच व्हायला हवे. सोबत म्हणजे रक्ताचा नमुना देण्यापुरते नव्हे. काय मोजायचे, कसे मोजायचे आणि निघालेल्या आकड्याचे काय करायचे, या तिन्ही ठिकाणी. याला कुणी दयेचा मुद्दा म्हणेल, कुणी लोकशाहीचा. मला तो आधी चांगल्या विज्ञानाचा मुद्दा वाटतो, आणि महाराष्ट्राच्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्याला पुरेसा पुरावा आहे.

१९८०च्या सुमारास वि. स. पागे समितीने शेतमजुराचे किमान वेतन दिवसाला चार रुपये धरले. डॉ. अभय बंग यांनी तो हिशेब उलगडून पाहिला. ऊन-पावसात अंगमेहनत करणाऱ्या शरीराला उष्मांक किती लागतात, घरात खाणारी तोंडे किती आणि कमावणारे हात किती, मजुरीचे दिवस वर्षात भरतात किती, हे वर्धा भागातल्या मजुरांच्या प्रत्यक्ष जगण्याशी ताडून पाहिल्यावर समितीच्या गणितातली खोट उघडी पडली आणि पुढे सरकारला वेतन वाढवावे लागले. एका तरुण डॉक्टरने केलेले हे आरोग्य-संशोधन होते आणि त्यातून निघालेले औषध होते मजुरी. आपण त्याला अर्थशास्त्राच्या कपाटात ठेवून दिले, हा आपल्या कपाटांचा दोष.

त्यानंतरचे उदाहरण जगभर गेले. गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी किंवा उपचार झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. या दोन आकड्यांमधली दरी म्हणजेच विषमता. तोवर ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजन आणि बाळंतपण, असे जगभरच्या आरोग्यखात्यांनी गृहीत धरले होते. दवाखान्याच्या नोंदवहीत जे रोग नव्हते ते गावातही नाहीत, असा समज होता. वहीत नव्हते, कारण बाई दवाखान्यात आलीच नव्हती, आणि आली नव्हती कारण तिथे असे काही कुणी विचारील असे तिला वाटलेच नव्हते. गावात राहून, गावाच्या संमतीने, बायकांच्या भाषेत विचारल्याशिवाय हा ९२चा आकडा जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत निघाला नसता. त्याच गडचिरोलीत पुढे गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार करून नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. हेही १९९९मध्ये ‘लॅन्सेट’नेच छापले. म्हणजे लोकांसोबतचे संशोधन शास्त्राच्या निकषांत कमी पडते, ही शंका निदान इथे तरी टिकत नाही.

पण मोजले म्हणजे झाले असेही नाही, आणि हे बीडने दाखवून दिले. ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये काढण्याच्या शस्त्रक्रियांचा गवगवा २०१९मध्ये झाला. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. जवळपास सहांत एक. आता हा आकडा कसा वाचायचा? वरून वाचणाऱ्याला तो खासगी डॉक्टरांच्या हव्यासाचा आकडा दिसतो, आणि तो तसा आहेही. उपायही त्या वाचनाला साजेसा निघाला: शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी. पण फडातली बाई बोलू लागली की आधी ‘कोयता’ हा शब्द येतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल कोयत्यावर मिळते, हिशेब कोयत्याचा लागतो, बाईचे स्वतंत्र नाव मुकादमाच्या वहीत नसतेच. एक दिवस पडून राहिले की खाडा, आणि खाड्याला दंड. फडावर संडास नाही, आडोसा नाही, धुवायला पाणी नाही, पाळीत कापड बदलायला जागा नाही. अंगावरून जाते, ओटीपोट दुखते, तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढायचेच. अशा अवस्थेत ‘पिशवी काढून टाकली की कटकट मिटेल’ हे डॉक्टरचे वाक्य तिला सुटकेसारखे वाटले, तर तिला फसलेली अडाणी बाई म्हणून मोकळे होता येत नाही. तिच्या हिशेबात खाडा हाच रोगाचा भाग होता. परवानगीच्या नियमाने शस्त्रक्रियेला लगाम घातला, खाडा जिथल्या तिथे राहिला. आकडा लोकांकडून घेतला, पण त्याचा अर्थ लोकांना विचारला नाही, की असे अर्धवट होते.

यवतमाळची गोष्ट याहून उघड आहे. २०१७च्या पावसाळ्यात आणि त्यानंतर कपाशीवर फवारणी करताना शेकडो माणसे विषबाधेने रुग्णालयात आली, जिल्ह्यात वीसच्या आसपास दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती. एरवी कमरेच्या खाली पडणारा फवारा तोंडासमोर उडत होता, हवेत दमट उकाडा होता, अंगातला सदरा औषधाने आणि घामाने भिजत होता. सरकारी सूर मात्र ‘मजुरांनी काळजी घेतली नाही, मास्क घातला नाही’ असा निघाला, आणि मग संरक्षक संच वाटले गेले. दमट उन्हात नखशिखान्त प्लास्टिक चढवून पाठीवर भरलेला पंप घेऊन दुपारपर्यंत चालून दाखवा, एवढी साधी चाचणी त्या संचांची एखाद्या मजुराकरवी आधीच झाली असती, तर किती गोष्टी लक्षात आल्या असत्या. १९६८च्या कीटकनाशक कायद्यात विषबाधेच्या घटना कळवणे बंधनकारक करण्याची तरतूद आहे, फवारणी करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीचा नियम आहे. पण रोजंदारीवर आज या बांधावर तर उद्या त्या बांधावर जाणाऱ्याचा मालक कोण, म्हणजे त्याला तपासणीला नेणार कोण, हे त्या नियमाला ठाऊकच नाही. नियम कारखाना डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की मजुरांचे सांगणे म्हणजे व्यक्तिनिष्ठ गाऱ्हाणे. माणूस दुखण्याचे कारण त्याला जे आवडत नाही त्यावर ढकलतो, आणि ज्यातून भरपाई मिळण्याची आशा असते ते दुखणे वाढवून सांगतो. हे मानवी स्वभावाला धरून आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण मुंबईला याचे उत्तर तिच्या गिरण्यांनीच देऊन ठेवले आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या फुप्फुसाच्या रोगाची खूण कोणती? आठवड्याची सुटी संपवून कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढच्या दिवसांत हळूहळू सैल होते. ब्रिटिश डॉक्टर शिलिंग यांनी या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या त्या या आवळण्याबद्दल कामगाराला प्रश्न विचारून. क्ष-किरणात हा रोग असा ओळखू येत नाही. म्हणजे ज्याला आपण व्यक्तिनिष्ठ म्हणून बाजूला सारतो ते ‘सोमवारी छाती भरते’ हे वाक्यच इथे निदान आहे. मुंबईत ऑक्युपेशनल हेल्थ अँड सेफ्टी सेंटर या गटाने गिरणी कामगारांना सोबत घेऊन हेच काम केले आणि कामगार राज्य विमा योजनेतून बिसिनोसिसची भरपाई मिळवण्यासाठी झगडा दिला. सांगणे तपासून घ्यावे, हे कबूल. पण तपासायला आधी ऐकावे लागते.

दुसरा आक्षेप जास्त जाणकारांचा आहे. रुळांकाठच्या मजुराला जे होते ते पाण्यामुळे, कीटकनाशकामुळे, नाल्याकाठच्या झोपडीमुळे, लोकलच्या ब्रेकच्या धुळीमुळे की अपुऱ्या खाण्यामुळे, हे वेगळे काढणार कसे? सगळी कारणे एकाच शरीरात गुंतलेली असतात. हे वेगळे काढता येते, पण त्याला वर्षे लागतात आणि विश्वास लागतो. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यात बर्कली विद्यापीठाने १९९९पासून ‘चामाकोस’ हा अभ्यास चालवला. मेक्सिकन बोलीत या शब्दाचा अर्थ पोरेटोरे. कोबी आणि स्ट्रॉबेरीच्या शेतांत राबणाऱ्या घरांतल्या सहाशेच्या वर गरोदर बायका त्यात आल्या आणि त्यांच्या मुलांचा पुढे वर्षानुवर्षे माग ठेवला गेला. गरोदरपणात ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकांचा संपर्क ज्यांचा सर्वाधिक, त्यांच्या मुलांचा सातव्या वर्षीचा बुद्ध्यंक सर्वांत कमी संपर्कवाल्यांच्या मुलांपेक्षा सुमारे सात गुणांनी कमी निघाला. इतकी वर्षे ती कुटुंबे अभ्यासात राहिली याचे कारण स्थानिक दवाखाने, तिथलीच स्पॅनिश बोलणारी माणसे आणि निष्कर्ष आधी त्या कुटुंबांना सांगण्याची शिस्त. कारणांचा गुंता सोडवण्याचे संख्याशास्त्र आपल्याकडेही आहे. पंधरा वर्षे एकाच वस्तीत टिकून राहण्याचा धीर मात्र आपल्या प्रकल्पांच्या तीन वर्षांच्या अनुदानात बसत नाही.

तिसऱ्या आक्षेपापाशी मला स्वतःला थांबावे लागते. गडचिरोलीत गाव होते, सॅलिनासमध्ये खोरे होते. भांडुपच्या रुळांकाठी समुदाय कुठे आहे? या हंगामाला आलेला मजूर पुढच्या हंगामाला असेलच असे नाही. त्याचे मत गावाकडे, रेशनकार्ड गावाकडे, बायको गावाकडे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या किंवा आरेतल्या वारली पाड्यांवर निदान पाडा आहे, नातीगोती आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांची वाडी आहे; तिथे बसून बोलता येते. रुळांकाठी एका पट्टीवर दोघे, पुढच्या पट्टीवर तिघे, आणि ज्याच्या नावावर पट्टी आहे त्याला यातले काहीच लेखी नको असते. ‘समुदाय’ हा शब्द कार्यकर्त्यांच्या आणि विद्यापीठांच्या अहवालांत फार गोड होऊन बसला आहे, जणू प्रत्येक वस्तीत एक गावकी वाट पाहत बसलेली आहे. तसे नसते. पण या आक्षेपातून निघते ते एवढेच, की इथे समुदाय आयता मिळणार नाही. गिरणी कामगारही कोकणातून आणि घाटावरून सुटेसुटेच आले होते. त्यांचे एकत्र येणे खोलीतून, खाणावळीतून आणि युनियनमधून घडले. एकाच खड्ड्यातून पाणी भरणाऱ्या पाचजणांना एकमेकांचे पाय दाखवायला सांगणे, ही सुरुवात होऊ शकते. वरून आलेल्या आकड्याला मात्र हे साधत नाही. घाटकोपरच्या शेजारच्या एम-पूर्व वॉर्डात, म्हणजे गोवंडी-देवनार भागात, सरासरी आयुर्मान ३९ वर्षांच्या आसपास असल्याचे २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात आले. तो आकडा इतक्या भाषणांत फिरला की गोवंडीचे आडनावच झाला. ज्यांचे ते आयुष्य होते त्यांच्या हातात त्या आकड्याने शरमेखेरीज फारसे काही दिले नाही.

शेवटचा आक्षेप सर्वांत कठीण, आणि तो मजूरच घेतील. तपासणी करा, रोग सापडू द्या, उद्या वाफ्यांवर बुलडोझर येईल. मग आमचे पाय निरोगी राहतील आणि पोट रिकामे. ही भीती हवेतली नाही. गेल्या काही वर्षांत रेल्वेने ही शेती आवरती घ्यायला सुरुवात केलीच आहे, काही पट्ट्या नव्या मार्गिकांखाली गेल्या, आणि शेती आवरण्याच्या निर्णयात आधार घेतला गेला तो खाणाऱ्याच्या आरोग्याचा. संशोधनाचा निष्कर्ष ज्याच्या हाती, त्याच्या सोयीचा उपाय निघतो. म्हणूनच निष्कर्ष आधी कुणाच्या हाती पडावा हा प्रश्न अभ्यास सुरू होण्यापूर्वी मिटला पाहिजे. घातक पाणी आणि बंद शेती यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत: पाणी खड्ड्यात एक-दोन दिवस निवळू देणे, खड्ड्यात न उतरता हातपंपाने उपसणे, गमबूट, सहा महिन्यांनी जंताची गोळी, कापणीआधी काही दिवस पाणी तोडणे. जागतिक आरोग्य संघटनेची तत्त्वे अशाच टप्प्याटप्प्याच्या उपायांची आहेत. यांतले काय परवडते, काय जमते आणि कशाने माठ वाळतो, हे झारी धरणाऱ्यालाच सांगता येईल. तरीही एखाद्या पट्टीचे पाणी इतके वाईट निघू शकते की शेती थांबवावीच लागेल. तेव्हा संशोधकाने ते लपवू नये, पण पर्यायी कामाची मागणी त्याच अहवालाच्या पहिल्या पानावर असावी, परिशिष्टात नव्हे.

मुलुंडला, कांदिवलीला, अंधेरीच्या मरोळला कामगार राज्य विमा योजनेची रुग्णालये आहेत. उपनगरांत कारखाने होते म्हणून ती तिथे आली. त्यांच्या आसपास भाजी पिकवणारा मजूर त्या योजनेत बसत नाही, तो तापाने फणफणला की पालिकेच्या दवाखान्यात जातो. रुग्णाला ‘तू काम काय करतोस’ हेही विचारावे, असे इटलीच्या रामाझ्झिनीने सन १७००मध्ये डॉक्टरांना सांगून ठेवले. आपल्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात तीन अक्षरे पडतात: मजूर. गवंड्याच्या हाताखालचा मजूर, गोदीतला मजूर आणि नाल्याच्या पाण्यात उभा राहणारा मजूर त्या तीन अक्षरांत सारखेच. त्या रकान्याखाली आणखी एकच ओळ वाढवायची झाली तर कोणती, हे विचारायला भांडुपच्या त्या खड्ड्यापाशी जावे लागेल. सकाळी लवकर, पाणी भरण्याच्या वेळेला.